उन्हात घातलेले वाल

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? "माझ्या पोत्यात एक दाणा खोटा निघाला तर मिशी उतरवीन" असं म्हणणाऱ्यावर, की पोत्याच्या तळाशी हात घालून तिथला दाणा आपणहून तुमच्या तळहातावर ठेवणाऱ्यावर? कडधान्याच्या पेढीवर माझा जन्म गेला. मिशी उतरवणारे पुष्कळ पाहिले. त्यांतल्या निम्म्यांना मुळात मिशीच नव्हती.

दुसऱ्या तऱ्हेचा माणूस क्वचित भेटतो. तशा एकाची गोष्ट माझे मामा गोदामात माल निवडता निवडता सांगत. ती मी आज मोठ्या अभिमानानं तुमच्यापुढे ठेवतो. एक तर ती सत्याची आहे, आणि दुसरं म्हणजे ती वालांची आहे. वाल हा आमचा माल.

एकदा एक वृद्ध गुरुजी खाडीकाठच्या एका गावी राहत होते. गावात शाळा नव्हती. ज्यांना परवडे त्यांची मुलं तरीतून, म्हणजे होडीनं, खाडीपलीकडे शिकायला जात. बाकीची गुरुजींच्या ओटीवर बसून जमेल ते शिकत. त्याच ओटीवर शिकून मोठा झालेला त्यांचा एक शिष्य होता, नीळकंठ. सगळे त्याला निळू म्हणत. तो बुद्धीनं तल्लख आणि वाणीनं गोड होता, आणि मनात एकच इच्छा बाळगून होता, की आपल्या गावात शाळा व्हावी आणि आपण तिथे शिकवावं.

शाळेसाठी गावच्या शेठजींनी जागा दिली, इमारतही उभी करून दिली. पण शिक्षक नेमण्याचं काम त्यांनी दोन पंचांवर सोपवलं, आणि तिथेच गाडं अडलं. एक पंच म्हणजे कीर्तन करणारे बुवा. दुसरे म्हणजे शहरातून शिकून आलेले वकील. दोघेही सज्जन, पण एका विषयावर दोघांचं हाडवैर: या पृथ्वीवर पहिला जीव आला कुठून?

"ईश्वरानं चैतन्य घातलं तेव्हा माती हलली," बुवा म्हणत.

"माती, पाणी, ऊन, वीज एकत्र आली आणि जीव आपोआप झाला. देवाचा संबंध येतोच कुठे?" वकील म्हणत.

मग सुरू होई. "बुवा, तुमच्या देवानं जीव घडवला तेव्हा तुम्ही टाळ धरून शेजारी उभे होतात वाटतं?" त्यावर बुवा म्हणत, "आणि तुमच्या समुद्रावर वीज पडली तेव्हा तुम्ही छत्री धरून होतात का, वकीलसाहेब?" लोक हसत, घरी जात; शाळेला मात्र कुलूपच. कारण बुवांना हवा तो शिक्षक वकिलांना भोळसट वाटे, आणि वकिलांना हवा तो बुवांना पाखंडी वाटे.

अशात निळू एकदा चावडीवर सहज बोलून गेला, "जीव उत्पन्न होताना मी पाहिला आहे. आमच्या घरी वालांचं तोंड लिंपून बंद केलेलं मडकं होतं. उघडलं तर आत भुंगेरे वळवळत होते. मुंगी शिरायला वाट नव्हती, तरी जीव आला."

बुवा ताडकन उठले. "ऐका! जीव जन्मायच्या चार खाणी पोथीत सांगितल्या आहेत, त्यांतली ही स्वेदज, घामाओलीतून होणारी. बंद मडक्यात कोण शिरला? ईश्वर!"

वकीलही उठले. "छे! बंद मडक्यात कोणीच शिरलं नाही, हाच तर पुरावा. जीव जडातून आपोआप होतो!"

आता गंमत पाहा. आजवर एकाही शिक्षकावर न जुळलेले दोन पंच एका निळूवर खूश झाले. प्रत्येकाला वाटलं, हा आपला साक्षीदार. ठरलं असं की होळीच्या सुमाराला निळूनं मडकं लिंपावं, अक्षय्य तृतीयेला सभेत फोडावं, भुंगेरे निघाले की त्याच मुहूर्तावर त्याला शिक्षक नेमावं आणि शाळा उघडावी.

निळू धावत गुरुजींकडे आला. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वाल आण, मडकं आपण दोघं लिंपू."

नव्या हंगामाचे वाल आले. निळूनं मडकं भरलं, तोंडाला फडकं बांधलं, वर मातीचा लेप दिला. एवढ्यात गुरुजींनी उरलेले वाल उचलले आणि अंगणात पत्र्यावर पसरले. चैत्र तोंडावर आलेला, पत्र्याला हात लावला तर चटका बसे.

"गुरुजी, हे कशाला?"

"वाटलं, यांना थोडं ऊन दाखवावं."

"वाळलेलेच तर आहेत!"

"असू देत. म्हातारपणी मला पसारा घालायला आवडतो."

चार-सहा दिवस गुरुजी ते वाल सकाळी पसरत, दुपारी हातानं वरखाली करत, संध्याकाळी गोळा करत. शेजारीण कुंपणावरून म्हणाली सुद्धा, "काय गुरुजी, पापड घातलेत की काय?" मग एके दिवशी त्यांनी ते दुसऱ्या मडक्यात भरले, पहिल्यासारखंच लिंपलं आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवून दिलं. निळूनं पुन्हा विचारलं. गुरुजी नुसते हसले.

सभेला तीन दिवस उरले तेव्हा त्यांनी ते मडकं निळूच्या हाती दिलं. "हेही फोड. पण एकटा असशील तेव्हा. आणि मला काही सांगायला येऊ नकोस."

निळूनं घरी परसदारी ते फोडलं. आतले वाल जसे भरले तसे होते. स्वच्छ, गोल, तुकतुकीत. एकही भुंगेरा नाही, एकही भोक नाही.

मग त्यानं आईकडून सूपभर वाल मागून घेतले, त्याच पोत्यातले पण ऊन न दाखवलेले. एकेक दाणा उजेडात फिरवून पाहू लागला. काही दाण्यांवर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चिकटलेला होता. जन्मभर त्याला तो ठिपका वालाचाच रंग वाटत आला होता. त्यानं नखानं तो खरवडला. अंडं होतं.

म्हणजे मडक्यात कोणी नंतर शिरलंच नव्हतं. शिरायचं ते आधीच, शेतात नाही तर खळ्यावर, शिरलं होतं. त्यानं मडकं लिंपलं होतं खरं, पण पाहुण्याला आत घेऊन दार लावल्यासारखं.

आता विचार करा, त्या पोराच्या मनात काय चाललं असेल. पहिलं मडकं फोडलं की भुंगेरे निघणार, बुवा टाळी देणार, वकील पाठ थोपटणार, शाळेचं कुलूप निघणार. दुसऱ्या मडक्याची गोष्ट गुरुजींखेरीज कोणाला ठाऊक? आणि गुरुजींनी तर सांगायला येऊ नकोस असं बजावलेलं. त्याच्या मनानं एक पळवाटही काढली: कदाचित उन्हानं दाण्यातलं सत्त्वच जळलं असेल, म्हणून जीव झाला नसेल! वाट चांगली होती. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर, मालाची खोट झाकायला नेहमी एक बरं कापड मिळतंच.

निळूनं काय करावं? त्यानं ऊन दाखवलेले मूठभर वाल उचलले आणि पाण्यात भिजत घातले.

अक्षय्य तृतीयेला शाळेच्या अंगणात सभा भरली. पहिलं मडकं फुटलं आणि भुंगेरे भुर्रकन बाहेर पडले. एक थेट बुवांच्या पागोट्यावर बसला. "बघा, देवसुद्धा माणूस ओळखतो!" बुवा गरजले. "देव नव्हे, रसायन!" वकील ओरडले. टाळ्यांचा पाऊस पडला. शेठजींनी किल्ली हातात घेतली.

"थांबा," निळू म्हणाला. "दुसरंही एक मडकं होतं."

त्यानं ते स्वच्छ वाल सभेपुढे ओतले. पांढरा ठिपका दाखवला. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "मी जीव उत्पन्न होताना पाहिला नाही. अंडी उबताना पाहिली. माझं बोलणं चुकीचं होतं."

सभेत कुजबुज उठली. वकील सावरले. "अरे, पण उन्हानं दाण्यातली जीव निपजवण्याची शक्तीच मेली नसेल कशावरून?"

"बरोबर," बुवांनी प्रथमच वकिलांना दुजोरा दिला. "तेज करपलं असणार."

निळूनं कनवटीचं ओलं फडकं सोडलं. त्यात तेच उन्हातले वाल होते, आणि एकेकाला बोटाच्या पेराएवढा पांढरा मोड आला होता. "दाणा जिवंत आहे," तो म्हणाला. "मेला तो फक्त किडा." मग समोरच्या बायांकडे वळला. "तुम्ही सगळ्या दर चैत्रात कडधान्याला ऊन दाखवता. भुंगेरे आपोआप होत असते, तर उन्हात घालून तुम्ही कोणाला मारत होतात?"

बाया एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. गुरुजींची शेजारीण सर्वांत मोठ्यानं हसली. पण बुवा आणि वकील हसले नाहीत.

"बरं, शहाण्या," बुवा म्हणाले, "मग पहिला जीव आला कुठून? ते सांग."

"हो, ते सांग," वकील म्हणाले.

निळूनं हातातलं ओलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणणारा मास्तर आमच्या मुलांना शिकवणार?" दोन्ही पंच एकाच वेळी बोलले. गावात एवढं एकमत कधी झालं नव्हतं. शेठजींनी किल्ली पुन्हा खिशात टाकली. निळू मान खाली घालून सभेच्या कडेला बसलेल्या गुरुजींकडे निघाला.

आणि तेव्हा लोकांनी एक अघटित पाहिलं. कलेक्टर आला तरी आसन न सोडणारे ते वृद्ध गुरुजी काठी टेकत उभे राहिले. शिष्य गुरूसाठी उठतो ही रीत. गुरू शिष्यासाठी उठला.

"गुरुजी, हे काय?" निळू कळवळून म्हणाला. "सगळं गेलं. आणि ते दुसरं मडकं तुम्ही मला एकट्यानं फोडायला का सांगितलंत? आधीच सांगितलं असतंत तर मी गोष्ट सभेपर्यंत जाऊच दिली नसती."

"आधी सांगायला मला तरी कुठे पक्कं ठाऊक होतं, बाळ? शंका होती. ऊन दाखवून पाहिलं. आणि एकट्यानं अशासाठी की चारचौघांत खरं बोलायला लोकांचे डोळे भाग पाडतात. परसदारी तुला कोण पाहत होतं? तरी तू झाकलं नाहीस. उलट स्वतःच्या पळवाटेलाच पाण्यात भिजवून पाहिलंस. एवढं मी तुला शिकवलं नव्हतं." मग ते पंचांकडे वळले. "बुवा, मी रोज सकाळी सूर्याला हात जोडतो, आणि मरेपर्यंत जोडीन. पण वादात त्याला माझा साक्षीदार म्हणून उभा करत नाही. त्यानं काही पाहिलं असेल तर तो जाणे. वकीलसाहेब, तुमचं शास्त्र उद्या पहिल्या जिवाचा पत्ता काढील, तर काठी टेकत ऐकायला पहिला मी येईन. पण आज तुम्ही दोघांनी एकाच किडक्या मडक्यावर आपापला झेंडा रोवला होता. श्रद्धा मोठी आहे, शास्त्रही मोठं आहे. किडक्या मालावर उभं राहण्याची गरज दोघांनाही नाही."

वकिलांनी खाली वाकून एक मोडाचा वाल उचलला, उजेडात धरून पाहिला आणि जपून खिशात ठेवला. बुवांनी पागोटं काढून त्यावरचा भुंगेरा हलकेच झटकला. मग म्हणाले, "वकीलसाहेब, आपली मुलं अजून किती वर्षं तरीतून पाठवायची?"

"मीही तेच म्हणणार होतो," वकील म्हणाले.

शेठजी वाट पाहतच होते. किल्ली निळूच्या हातावर ठेवताना ते एवढंच म्हणाले, "माझ्याकडे माल विकायला येणारा प्रत्येक जण चांगला दाणा वर ठेवतो. आपली खोट आपणच वर ठेवणारा आज प्रथम पाहिला. माझी नातवंडं उद्यापासून येतील."

मामा म्हणत, त्या शाळेत पुढे देवाची प्रार्थनाही झाली आणि किड्यांची अंडीही भिंगाखाली पाहिली गेली. एकानं दुसऱ्याला कधी बाहेर काढलं नाही. हे सांगताना मामांची छाती फुगे, आणि खरं सांगतो, ऐकताना माझीही फुगे. वालाच्या एका दाण्यानं गावाची अब्रू राखली, असा आमचा माल!

तुम्ही देव माना, शास्त्र माना, दोन्ही माना. मी त्यात पडत नाही. एक विनंती मात्र करतो. जे डोळ्यांनी पाहिलं ते एका खात्यात लिहा, जे मनानं मानलं ते दुसऱ्या. एकाची तूट दुसऱ्यातून भरू नका, आणि जिथे काहीच ठाऊक नाही तिथे जागा कोरी सोडा. हिशेब चोख ठेवा, बाबांनो.