होनरावांची निष्ठा

फार जुनी गोष्ट. एका राजधानीच्या खजिन्यात एक सोन्याचा होन राहत असे. त्याच्या एका अंगावर सम्राटाची छबी होती, दुसऱ्या अंगावर देवाची मूर्ती. त्यामुळे सगळे त्याला होनराव म्हणत. शेजारच्या तांब्याच्या नाण्यांना ते म्हणत, "पुढे सम्राट, मागे देव. मला हात लावायची कोणाची छाती आहे?"

पुढे शेजारच्या राजाने राजधानी जिंकली. सम्राट मागच्या दाराने पसार झाला. नव्या राजाने हुकूम सोडला, की जुन्या होनांवर नवे छाप ठोका आणि जो कुरकुर करेल त्याला मुशीत वितळवा.

होनराव ऐरणीवर आले. हातोडा सभ्य होता. त्याने विचारलं, "होनराव, आधी कोणाला पुसू? सम्राटाला की देवाला?"

"सम्राटाला बेलाशक ठोक," होनराव म्हणाले, "मला तो माणूस पहिल्यापासून पटत नव्हता."

"आणि देवाला?"

होनरावांनी आवाज खाली आणला. "नव्या महाराजांचा देव कोणता, ते आधी विचारून ये. हाच असेल, तर माझी भक्ती अढळ आहे."