कुणाचीच हरकत नव्हती

“मग खेळातच चूक आहे, असं तुझं म्हणणं?”

बाईंनी एवढंच विचारलं आणि सुपातल्या तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

समोर खुर्चीच्या कडेवर रणधीर सरनोबत बसला होता. एका फाउंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा मॅनेजर. गाडी खाली फाट्यावर ठेवून डोंगर चढून आला होता, तरी शर्टाची घडी मोडली नव्हती. मात्र आल्यापासून त्याची नजर काही बाईंच्या नजरेला भिडली नव्हती.

“चूक म्हणजे... अपुरा आहे, बाई.”

हर्डीकर बाईंचा जन्म कारखान्यांतली माणसं सांभाळण्यात गेला. मग त्यांनी संगणकात एक खोटा कारखाना उभा केला. त्यात खोटी माणसं भरली. मॅनेजर लोकांनी यायचं, चटईवर बसायचं आणि त्या कारखान्यात बदल घडवून दाखवायचा. यंत्रं बदला, खाती जोडा, पाळ्या फिरवा. ज्याला बदल नको त्याचा चेहरा लाल. जो कबूल झाला त्याचा हिरवा. सगळे हिरवे झाले की खेळ जिंकला.

“हात साफ करायचा तो खोट्या माणसांवर करा,” असं बाई म्हणत. बहुतेक मॅनेजर हरून, तोंड पाडून डोंगर उतरत.

रणधीर जिंकला होता. इतक्या लवकर त्याच्याआधी कुणी जिंकलं नव्हतं. हे इतरांनी सांगायची वेळ येत नसे, तोच सांगे.

“मी काय चाल खेळलो होतो, आठवतं तुम्हाला?”

“जो फार बोलायचा, त्याला उचलून गेटवर बसवलास.”

“आणि बाकीचे पटापट हिरवे झाले.”

“झाले खरे.”

“फाउंड्रीत तेच केलं. अंतू पाडळकर म्हणून होता भट्टीवर. मीटिंग सुरू झाली की ह्याचा हात वर. ‘साहेब, जरा इचारू का?’ नवीन मशीन आणायचं, शंका. जेवणाची सुट्टी हलवायची, शंका. एकदा तर सगळ्यांदेखत म्हणाला, साहेब, तुमच्या बुटाचा बंद सुटलाय. खोखो हसले लोक.”

“सुटला होता?”

“... हो.”

बाईंनी आणखी एक खडा काढला.

“त्याला गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर टिपायला. त्या दिवसापासून मीटिंग कशी, लोण्यासारखी. मी बोलायचं, त्यांनी माना डोलवायच्या. मालकांनी पाठ थोपटली माझी.”

“मग बिघडलं कुठं?”

बाहेर कुणाची तरी शेळी कुंपणाशी ओरडत होती. रणधीरनं तिकडे बघितलं.

“साच्यात पाणी राहिलं होतं,” तो म्हणाला. “छपरातून गळलेलं.”

ओल्या साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला की तो उसळून अंगावर येतो. फाउंड्रीत झाडू मारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

“पाणी तिघाचौघांनी बघितलं होतं, बाई. बघितलं आणि ओतू दिलं. शिवा कांडगावे समोर उभा होता... दोन दिवस जगला.”

“विचारलंस त्यांना?”

“एकेकाला समोर बसवून विचारलं. अरे, दिसत होतं तर बोलला का नाहीत?”

“काय म्हणाले?”

“सगळे एकच म्हणाले. ‘आमची काही हरकत नव्हती, साहेब.’”

सुपातला बाईंचा हात थांबला.

मग रणधीरला एकदम वाचा फुटली. वाटेवर घोकत आलेलं बोलणं भडाभडा बाहेर पडलं. खेळात माणूस मरत नाही, तो मरायला हवा. खेळात हिरव्याचा एकच रंग आहे, तिथं दोन हवेत. पटून हिरवा झालेला वेगळा आणि गप्प बसून हिरवा झालेला वेगळा. एवढं जर तेव्हा दिसलं असतं...

“घालते दुसरा रंग,” बाई म्हणाल्या. “दोघांतला फरक कसा ओळखायचा, तेवढं सांग.”

रणधीर शर्टाची बाही सरळ करू लागला.

“मलाही नाही ओळखता आला कधी,” बाई म्हणाल्या. “म्हणून एकच रंग ठेवलाय.”

त्याच्या पोटात अजून काहीतरी होतं. बाईंनी पुन्हा सुपात हात घातला.

“सोमवारी दुसऱ्या प्लांटवर रुजू व्हायचंय,” शेवटी तो म्हणाला. “मालक म्हणाले, अपघात अपघाताच्या जागी. इथं जमवलंस तसंच तिथं जमव, त्याच वेगानं. तिथल्या भट्ट्या आमच्याहून जुन्या आहेत, बाई. छप्पर तर विचारूच नका. तिथंही एक पाडळकर असणारच. म्हणून आलो. खेळ दुरुस्त करून द्या, मी रविवारपर्यंत बसतो. तिथं कुणाचा जीव जायला नको.”

“मालकांना काय म्हणालास?”

“त्यांना काय म्हणणार?”

“काय म्हणालास?”

“... हो म्हणालो.”

बाईंनी सूप खाली ठेवलं आणि त्या आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं त्या चहा घेऊन आल्या. स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला, वर बुडबुडे अजून फुटत होते. त्यांनी तो पदराच्या टोकानं धरला होता.

“धर,” म्हणून त्यांनी तो रणधीरच्या हातात दिला आणि पदर काढून घेतला.

मग समोर बसून त्या बोलायला लागल्या. कुंपणाबाहेरची शेळी कुणाची, तिनं लिंबाचा पाला कसा खाल्ला, मालकिणीला सांगितलं तर ती उलटी कशी भांडली. अगदी सावकाश, एकेक शब्द निवडून.

ग्लास ठेवायला जवळपास काही नव्हतं. बाईंनी आपल्या हातानं करून दिलेला चहा. तो जमिनीवर कसा ठेवायचा? रणधीरनं बोटं बदलली. दुसऱ्या हातात घेतला. परत पहिल्या हातात. कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी जमलं. चेहऱ्यावरचं हसू मात्र त्यानं हलू दिलं नाही.

बाईंचं बोलणं थांबलं. त्या त्याच्या बोटांकडे बघत होत्या.

“साखर बरोबर आहे?”

“हो बाई. छान झालाय.”

त्यानं अजून ओठाला लावला नव्हता.

“भाजत नाही ना रे?”

रणधीरनं त्यांच्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितलं. ओठ हलले...

“नाही बाई.”

“मग धर अजून.”