गोजरा शिंपिणीची दोऱ्याची पोथी

या, असे पुढे सरकून बसा. ही गोष्ट आपल्या पणजीनं तिच्या पणजीकडून ऐकलेली, म्हणजे किती जुनी ते तुम्हीच ठरवा.

येरळेच्या काठी बोरजाई नावाचं गाव होतं. गाव आजही आहे, नदीही आहे. पण तेव्हाची नदी बारा महिने वाहायची, असं म्हणतात. त्या गावात गोजरा नावाची शिंपीण राहायची. पाटलाच्या बंडीपासून बाळंतिणीच्या दुपट्यापर्यंत सगळं तिच्या सुईखालून जायचं. तिला अक्षर येत नव्हतं, कारण तेव्हा बायकांना कुणी शिकवतच नसे. पण पोथीचं वेड मात्र फार. महादेवाच्या देवळात रामलिंग गुरव रोज दिवेलागणीला पोथी वाचायचे आणि गोजरा पायरीवर बसून ऐकायची. गुरवांचा आवाज असा, की देवळामागची गुरंसुद्धा रवंथ थांबवून कान टवकारायची, असं म्हणतात.

मग एका साली देवीची साथ आली. घराघरातून माणसं गेली. गुरव जगले, पण त्यांचे दोन्ही डोळे गेले. अंगावरचे फोड वाळले तरी ते घराबाहेर येईनात. भावजयीनं ताट सरकवलं की दोन घास खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. पोथी देवळाच्या कोनाड्यात लाल फडक्यात तशीच राहिली. गावाला दिवेलागण नकोशी झाली.

शेवटी गोजराच त्यांच्या घरी गेली.

"गुरवकाका, पुढं काय झालं?"

"कशाचं पुढं?"

"राजा शिकारीला गेला तिथं पोथी थांबलीया. त्यो परत आला का न्हाई?"

"पोरी, सगळी पोथी कुठं पाठ असती? आता राजा आला काय अन् राहिला काय." असं म्हणून गुरवांनी वाकळ तोंडावर ओढली. पण ओढता ओढता त्यांची बोटं वाकळीच्या काठावर थांबली. "गोजरा, ही वाकळ तूच शिवलीस ना? हितं एक टाका सुटलाय बघ."

गोजरानं वाकळ उन्हात नेऊन पाहिली. टाका खरंच सुटला होता. तिला स्वतःला तो कधी दिसला नव्हता. ती तशीच उंबऱ्यात बसली, डोळे मिटून त्या टाक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही मला अक्षर दावा. मी तुम्हाला ते शिवून देते."

गुरवांनी तिचा हात धरला आणि तळव्यावर बोटानं 'ग' काढला. गोजरानं घरी येऊन दोऱ्याला मेण लावलं, पीळ देऊन तो जाड केला आणि मांजरपाटाच्या तुकड्यावर ते अक्षर उठून येईल असं शिवलं. दुसऱ्या दिवशी गुरवांनी त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि साथीनंतर पहिल्यांदाच खदखदून हसले.

"अगं, तुझा ग डोक्यावर उभा राहिलाय!"

ते तिच्या समोर बसले होते ना! त्यांच्या बाजूचं सरळ ते तिच्या बाजूनं उलटं झालं होतं. मग गोजरा त्यांच्या शेजारी बसायला लागली. एकेक अक्षर तळव्यावरून कापडावर उतरलं. आंधळा गुरव शिंपिणीला वाचायला शिकवत होता आणि शिंपीण गुरवाला. सगळी अक्षरं आली तशी तिनं पोथी मांडीवर घेतली आणि राजा शिकारीला गेला तिथपासून पुढचं शिवायला घेतलं.

गावात कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, "अक्षर म्हणजे देव, त्यात सुई खुपसायची?" कुणी म्हणालं, "गुरवाला सगळं पाठच हाय. नुसती बोटं फिरवतोय." गोष्ट पाटलांच्या कानावर गेली. त्यांनी दोघांना देवळात बोलावलं आणि सांगितलं, "खोटं निघालं तर पोथी काढून घेईन." मग गोजराला बाजूला घेऊन तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिनं ते तिथंच बसून, सगळ्यांसमोर कापडावर शिवलं. गुरवांच्या हातात कापड आलं. बोटं चालली, अडखळली, मागं आली, पुन्हा चालली. गुरवांचा चेहरा गोंधळला.

"पाटील, हे बरोबर लागतंय का बघा. 'माझ्या म्हशीचं नाव चिमणी.'"

पाटलांची म्हैस म्हणजे केवढं धूड! तिला घरात लाडानं चिमणी म्हणतात हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. देऊळ हसून हसून आडवं झालं. पाटील मात्र हसले नाहीत. ते गोजराजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "नदीपल्याड माझी भागूआक्का हाय. तिचेबी डोळे गेलेत. तिला एखादं शिवशील?"

तिथून गोजराचं चालणं सुरू झालं. भागूआक्काला तिनं अक्षरं शिकवली. मग आसपासच्या वाड्यावस्त्यांतून निरोप यायला लागले. देवीनं नजर नेलेले, म्हातारपणानं नेलेले, चुलीच्या धुरानं नेलेले. गोजरा डोक्यावर गाठोडं घेऊन निघायची, वाचून झालेलं कापड परत घ्यायची, नवं द्यायची. पोथ्या संपल्या तशा तिनं जात्यावरच्या कहाण्या शिवल्या. गाव लाडानं म्हणायचं, गोजराचं गाठोडं कितीही वाटलं तरी रिकामं होत नाही.

एका भादव्यात येरळेला असा पूर आला की पलीकडचा काठ दिसेना. नावाडी नाव सोडायला तयार नव्हता. गोजरा गाठोडं घेऊन काठावर उभी राहिली.

"गोजराबाई, घरला जावा. आज असं काय अडलंय?"

"भागूआक्काच्या कापडात राणी वाघासमोर उभी हाय," गोजरा म्हणाली. "आक्का तिथं जीव मुठीत धरून बसली असंल. अन् मी घरी जाऊ?"

आणि ती पाण्यात उतरली. काठावरच्या माणसांनी डोळे मिटून घेतले. पण पाणी तिच्या गुडघ्याच्या वर चढलं नाही, असं म्हणतात. डावीकडं भिंतीएवढं पाणी, उजवीकडं भिंतीएवढं, आणि मधून गोजरा. पलीकडं भागूआक्का दारातच बसली होती. पावलं ऐकताच तिनं विचारलं, "वाचली का गं राणी?"

"तुम्हीच बघा की," गोजरा म्हणाली आणि कोरडं कापड तिच्या हातात दिलं.

वर्षं गेली. गुरव गेले, भागूआक्का गेली. बारीक टाके घालून घालून गोजराची नजर अंधुक झाली आणि एके दिवशी गेलीच. गाव हळहळलं, आता कापडं कोण शिवणार? गोजरानं सुनेकडून सुईत दोरा ओवून घेतला आणि शिवायला बसली. आधीपेक्षा हळू शिवायची, बोटानं चाचपून, पण तिच्या हातची सगळ्यांत सुबक कापडं ती हीच. बसल्या बसल्या, टाका घालता घालताच तिनं मान टाकली. सुई मात्र थांबली नाही, ओळ पुरी करूनच ती कापडात आडवी झाली, असं म्हणतात.

आज बोरजाईत वाचनालय आहे. तिथं ब्रेलची पुस्तकं आहेत, फोनवर ऐकायची पुस्तकं आहेत. पण अजूनही कुणाची नजर गेली तर त्याला वाचनालयात बोलावत नाहीत. गावातलं कुणीतरी त्याच्या दारी जातं आणि म्हणतं, "गोजराबाईकडून आलोय. काय वाचणार?" डोळ्यांचं विचारायचं नाही. कसं झालं, कधी झालं, काही नाही. फक्त, काय वाचणार?

गेल्या साली हैदर मुलाणींच्या दारी असंच कुणी गेलं. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला आणि साखरेच्या आजारानं नजर गेली. तो प्रश्न ऐकून ते खाटेवर सरळ होऊन बसले.

"दर्याचं काही असेल तर आणा," ते म्हणाले. "सगळीकडं गाडी नेली, पण दर्या बघायचा राहिला."