कधीच न चुकणारा कुत्रा

संगीत महोत्सवाच्या फाटकावर पोलिसांचा कुत्रा यमुनाबाई गोंधळींसमोर येऊन बसला. अमली पदार्थांचा वास आला की बसायचं, असं त्याचं शिक्षण. फौजदार रणपिशांनी लगेच बाईंच्या संबळाचं कातडं फाडायला सुरी मागवली. संगीतातलं त्यांना तेवढंच येत होतं.

"साहेब, आधी माझी पिशवी बघा. कुत्र्याला आतल्या बिस्किटांचा वास आला असेल," बाई म्हणाल्या.

"खुलासे नकोत. आमचा कुत्रा कधीच चुकत नाही," रणपिसे सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले.

मघाशी साहेबांनी खिशातून कुत्र्याला काय भरवलं, ते बाईंनी पाहिलं होतं. त्या नम्रपणे म्हणाल्या, "मग तुम्हीही एकदा त्याच्यासमोरून चालून दाखवा. लोकांची खात्री पटेल."

साहेब ऐटीत चालले. कुत्रा त्यांच्यासमोर येऊन बसला. रांगेत खसखस पिकली.

"खिशात बिस्किटं आहेत माझ्या," रणपिसे घाईघाईने म्हणाले.

"असतील, साहेब. पण खुलासे नकोत, हे तुम्हीच म्हणालात. आता सुरी आधी कुठे चालवायची, संबळावर की तुमच्या खिशावर?"

सुरी आली तशीच परत गेली. बाई वेळेवर मंचावर चढल्या.