झालं की हाक मारा

दुधाच्या रिकाम्या कॅनांचा खणखणाट फार पूर्वी ऐकला होता, तो अजून कानात आहे. ज्या डेअरीतला तो खणखणाट, तिथे गेणू नावाचा एक भोळा गडी होता. कॉम्प्युटरवर त्याचा हात चांगला चाले. डोकं मात्र सांगितलं तेवढंच चाले.

डेअरीचे दौलतनाना त्याला म्हणाले, "दूध घालणाऱ्यांची रांग अडणार नाही असा प्रोग्राम करून दे. माझी लेक शेवंता तुला दिली." शेवंता तिथेच यंत्रावर दुधाची फॅट मोजायची. तिलाही गेणू आवडायचा.

गेणूने प्रोग्राम केला. पण बटण दाबलं, की यंत्राचा आकडा येईपर्यंत स्क्रीन हँग. कॅनवाले बोंबलायला लागले.

शेवंता म्हणाली, "गेणू, उभं राहून वाट बघू नये. काम सोपवावं, पुढच्याचं घ्यावं. झालं की यंत्र हाक मारेल."

गेणूने प्रोग्राम तसा बदलला. रांग पळू लागली.

घरी आई म्हणाली, "दूध तापव रे." गेणूने दूध स्टोव्हवर सोपवलं आणि पारावर गेला. दूध उतू गेलं, स्टोव्ह विझला.

"हाकच आली नाही," गेणू म्हणाला.

"अरे देवा! दूध कुठं हाक मारतं? मधूनमधून विचारपूस करावी लागते."

पुढे नानांना ताप आला. डॉक्टर म्हणाले, झोपू द्या. गेणू उशाशी बसला.

"नाना, झोप लागली का?"

"लागत होती."

"आता?"

दुपारभर नाना जागे. डेअरीतही गेणूचा प्रोग्राम यंत्राला सारखा "झालं का?" विचारू लागला. स्क्रीन पुन्हा हँग.

शेवंताने शांतपणे समजावलं. "स्क्रीनची स्वतःची एक फेरी असते. कुणी बटण दाबलं का, कुणाचा निरोप आला का, बघत ती फिरतच असते. तू तिथं दुसरी फेरी घातलीस, दोन्ही अडल्या. तिची फेरी मोडू नकोस. तिच्यात आपलं काम सरकव आणि लगेच बाजूला हो."

प्रोग्राम सुरेख चालला. नानांनी शब्द पाळला.

लग्नात अंतरपाट धरला. मंगलाष्टका सुरू झाल्या. एक संपली की दुसरी. गेणूने ओळखलं, ही भटजींची फेरी. मोडायची नाही. त्याने आपला हार मागे उभ्या असलेल्या मामांना दिला.

"मामा, पाटावर उभे राहा. झालं की हाक मारा."

आणि डेअरीत गेला. संध्याकाळचं दूध आलं होतं.

अंतरपाट खाली आला. पाटावर मामा, हातात हार. अक्षता त्यांच्या टकलावर पडल्या. बँड वाजला.

बँड ऐकून गेणू धावत आला. "हाक आली! झालं का?"

शेवंताने त्याच्याकडे पाहिलं. हातातला हार पाटावर ठेवला आणि ती चालू लागली.

गेणू शिकवल्याप्रमाणे लगेच बाजूला झाला. ती त्याच्या जवळून निघून गेली.