झाडाखालचा पाचोळा

एकदा एका डोंगराला भाव आला आणि त्याच्या पायथ्याच्या गावाची झोप उडाली. डोंगराच्या पोटात लोखंडाचे खनिज सापडले होते. खाणवाल्यांना डोंगर हवा होता, भोवतीचे रान हवे होते, आणि गावाने उठून हमरस्त्याकाठच्या वसाहतीत जावे असे त्यांचे म्हणणे होते. गावाने रानावर हक्काचा दावा टाकला. तेव्हा कचेरीतून निरोप आला की शुक्रवारी पाहणीला साहेब येतील. रान खरोखर गावाच्या वापरात दिसले तर दावा टिकेल. पडीक दिसले तर रान जाईल, आणि रानामागून गावही.

त्या दिवसापासून कोणाला घास गोड लागेना. समाजमंदिरात सकाळ-संध्याकाळ सभा भरू लागल्या. चार जण बोलत, बाकीचे ऐकत, आणि उठताना प्रत्येकाची काळजी थोडी वाढलेलीच असे. अर्ज लिहिण्याचे काम लालसूकडे होते. तो बारावीपर्यंत शिकलेला होता, आणि गावाच्या वृद्ध भुमकाकडे, म्हणजे पुजाऱ्याकडे, रानातल्या झाडपाल्याची विद्या शिकत होता. त्याने सात अर्ज लिहिले. आठव्यावर भुमकाचा अंगठा हवा होता, आणि भुमकाचा सभेत पत्ता नव्हता.

लालसू शोधत रानात गेला. पाहतो तो काय, म्हातारा खराटा घेऊन मोहाच्या एका झाडाखालचा पाचोळा लोटत होता. ते झाड लालसूच्या आईचे होते.

इथे त्या गावाची एक रीत सांगायला हवी. मोहाची फुले पहाटे जमिनीवर गळतात आणि तिथूनच वेचून घेतात; झाडे रानात असली तरी घराघरांत वाटलेली असतात. कुठे नाव लिहिलेले नसते. होळीच्या आत ज्याने झाडाखालची जमीन झाडून घेतली, त्या सालची फुले त्याची. होळी उलटूनही पाचोळा तसाच राहिला, तर त्या घराने झाड सोडले असे समजायचे, आणि मग जो झाडील त्याचे. तरीही दुसऱ्याच्या झाडाखाली खराटा घालणाऱ्याकडे गाव चोराकडे पाहावे तसेच पाहते. आणि हे खुद्द भुमका करत होता, भर दिवसा.

लालसूच्या डोक्यात सणक गेली. समोर गुरू आहे याचे त्याला भान राहिले नाही.

“बाबा, हे आमचं झाड हाये. माह्या आजीपासूनचं.”

“होतं,” भुमका म्हणाला. “होळी होऊन चार दिस झाले. कोनं झाडलं?”

लालसूने सांगितले की आई रोज सभेला बसते, आपण अर्ज लिहितो, वेळ कोणाला आहे. शिवाय गाव राहणार की उठणार हेच ठाऊक नाही, मग झाडून करायचे काय? पण झाड कोणी सोडलेले नाही, हे त्याने दोनदा सांगितले.

म्हातारा खराट्यावर टेकून उभा राहिला. त्याचाही चेहरा काळजीने ओढला होता, हे लालसूला आता दिसले.

“तुमी सोडलं नाही, हे मले ठाऊक हाये. शुक्रवारच्या साहेबाले कोन सांगन? सकाळपासून सारं रान फिरून आलो. एकाही झाडाखाली खराटा लागला नाही. मी एक झाड घेतलं तर तुझं रगत तापलं, अन् अख्खं रान तसंच पडलं हाये. खाणवाला रान सोडल्याचा आपला अंगठा मागून राह्यला, पण आपन तो झाडाखाली आधीच देऊन बसलो. मले भेव वाटते ते याचं.”

मग त्याने खराटा पुढे केला. अर्जावर अंगठा देतो म्हणाला, पण आधी हे धर.

लालसूने खराटा घेतला. त्याने झाडायला सुरुवात केली. भुमकाचे बोलणे गावभर पोचले, आणि संध्याकाळची सभा त्या दिवशी भरली नाही. बाया, पुरुष, काठी टेकत चालणारी माणसे, सगळी रानात होती. दरवर्षी झाडणारी हीच माणसे यंदा काळजीच्या भरात ते विसरली होती. हक्क मागायला कचेरीत जावेच लागते. जाताना मागे पाचोळा साचत नाही ना, एवढे पाहून जावे.

शुक्रवारी तीन साहेब आले. त्यांतले वयस्क साहेब लालसूच्या आईच्या झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. त्यांनी खालची स्वच्छ जमीन पाहिली, वर फांद्यांकडे पाहिले, वहीत काहीतरी लिहिले, आणि कोणाशी न बोलता ते गाडीत जाऊन बसले.

“काय लिवलं रे त्यायनं?” आईने विचारले.

“दिसलं नाही,” लालसू म्हणाला.

झाडलेल्या मातीत साहेबांच्या बुटांचे ठसे उमटले होते. आईने वाकून त्यांवरून खराटा फिरवला आणि कंबर धरून सरळ झाली.

“कळ्या फुगल्या हायेत,” ती म्हणाली. “उद्या पहाटे टोपली घेऊन ये.”