समोरच्या डोंगरावरचा धूप

माणसाने रानात पायवाटही पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका डोंगरावर धुपाची झाडं दाट होती. आपलं फळ कुणी नेलेलं त्यांना खपत नसे. धनेश पक्षी आला की ती फांद्या झाडून त्याला हाकलत. बिया तिथेच पडत, रुजत आणि त्यांच्याच सावलीत मरत.

दोन-तीनशे वर्षांत एकेक धूप वठला. शेवटी एकच म्हातारा उरला. समोरच्या डोंगरावर मात्र एक तरणा धूप उभा होता, डोंगरभर त्याची रोपंच रोपं. ते बघून म्हाताऱ्याचा जळफळाट होई.

"कुणाचं रे ते कार्टं?" त्याने धनेशाला विचारलं.

"तुमचंच, आजोबा. माझ्या पणजीने तुमचा डोळा चुकवून एक फळ पळवलं होतं."

त्या दिवशी धनेश पोटभर खाऊन गेला. एकही फांदी हलली नाही.